विश्लेषण : रोज फिरवूनही कुत्रा लादीवर का घसरतो? श्वानांना ‘स्ट्रेंथ ट्रेनिंग’ खरेच लागते का?

फुगवलेल्या चेंडूवर तोल सांभाळणारा गोल्डन रिट्रीव्हर, पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालणारा लॅब... अशा रील्सवर ‘माणसांना जिमला जायला वेळ नाही आणि यांचे लाड बघा’ ही प्रतिक्रिया ठरलेली. थाट बाजूला ठेवला तरी त्यामागचा मुद्दा खरा आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा ३० किलोचा लॅब दहाव्या वर्षी मागच्या पायांवर उठेनासा झाला की तो घरच्यांना कळतो. त्याला रोज उचलून खाली नेणार कोण, हा प्रश्न मग अख्ख्या घराचा होतो.

फिरवणे पुरेसे का नाही?

उभ्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असतो. पट्टा धरून सपाट रस्त्यावर संथ चालताना मागच्या मांड्यांना फारसा जोर लावावा लागत नाही. फिरण्याने पोट साफ होते, वास घेऊन मन रमते, दमही वाढतो. ताकद मात्र बेताचीच वाढते. त्यात खुबा किंवा गुडघा दुखू लागला की कुत्रा आणखी भार पुढे ढकलतो. वापर कमी झाल्याने मागचे स्नायू सुकतात आणि सांध्याचा आधारच जातो. गुळगुळीत लादीवर पाय फाकतात ते यामुळे. वाढलेली नखे त्यात भर घालतात, कारण नख टेकले की पंज्याच्या गादीची पकड सुटते.

‘पण आम्ही पार्किंगमध्ये रोज चेंडू टाकतो की!’ सुसाट धाव, अचानक ब्रेक आणि जागच्या जागी वळण यांचा सगळा ताण गुडघ्यातल्या क्रुशिएट लिगामेंटवर येतो. कुत्र्यांमध्ये हे लिगामेंट बहुतेकदा एका झटक्यात तुटत नाही, ते आधीपासून झिजत आलेले असते. सिमेंटवरच्या अशा खेळाला व्यायाम म्हणण्यापेक्षा दमवणे म्हणावे.

आधी वजन का पाहायचे?

पेट फूड बनवणाऱ्या प्युरिना कंपनीच्या संशोधकांनी ४८ लॅब्रॅडॉरच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे आयुष्यभर दिले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्याचे ११.२ वर्षे होते. सांध्यांच्या झिजेवर उपचारही त्यांना उशिरा लागले. खाणे विकणाऱ्यांनीच काढलेला हा निष्कर्ष आहे, हे विशेष.

लॅबची भूक नाटकी नसते, हेही खरे. केंब्रिज विद्यापीठाच्या २०१६ मधील संशोधनात सुमारे पाव लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित जनुकात बदल आढळला. तरीही चहाबरोबरचे बिस्कीट आपणच देत असतो. छातीवरून तळवा हलकेच फिरवल्यावर फासळ्या जाणवायला हव्यात आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी. व्यायामाचे खाऊ रोजच्या वाटणीतूनच काढायचे.

घरी नेमके काय करायचे?

लादीवर जाड चटई किंवा योगा मॅट हवीच. सुरुवात बसून उठण्याची. खाऊ नाकासमोर धरून कुत्र्याला नीट, दोन्ही मागचे पाय अंगाखाली घेऊन बसवायचे आणि पुढे पाऊल न टाकता उभे करायचे. ही त्याची बैठक. एका कुशीवर लोळून बसला तर ती मोजायची नाही. सावकाश पाच वेळा पुरे.

घरातला पाट इथे कामाला येतो. त्यावर न घसरणारे कापड टाकून पुढचे दोन पाय ठेवायला लावले की भार मागे सरकतो. दहा सेकंद उभा राहिला तरी सुरुवातीला खूप झाले. नंतर झाडूचे चार-पाच दांडे जमिनीवर अंतराने मांडून त्यावरून चालवायचे. प्रत्येक पाय मुद्दाम उचलावा लागतो, त्यामुळे मागचे पाय नेमके कुठे पडताहेत याचे भान येते. इथे घाई नको, कारण उडी मारली की व्यायाम फुकट. सोफा आणि भिंत यांच्यामधल्या बोळात चार पावले मागे चालवणेही असेच उपयोगी. हे सगळे मिळून पाच-दहा मिनिटे, आठवड्यातून दोन-तीनदा आणि आधी थोडे फिरवून आणल्यावर. चेंडूवरचा तोल ही फार पुढची पायरी आहे. घरी तिची गरजही नाही.

पिल्लांसाठी नियम वेगळे?

हो. मोठ्या जातींची हाडे वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात, तोवर उंच उड्या आणि मागच्या पायांवर उभे राहण्याचे खेळ नकोत. चार मोठ्या जातींवरील २०१२ च्या नॉर्वेतील अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याच्या विकाराचा धोका जास्त दिसला. मोकळ्या, मऊ जमिनीवर बागडणाऱ्या पिल्लांमध्ये तो कमी होता. म्हणजे पिल्लाला कोंडून ठेवणे हा उपाय नाही. सोसायटी लिफ्ट नाकारत असेल, तर तशी बंदी घालता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

थांबायचे कधी?

पाय थरथरणे, बसण्याची ढब बिघडणे, खाऊ असूनही तोंड फिरवणे ही दमल्याची चिन्हे आहेत. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेच नीट जमत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांच्यासाठी पहाटेची वेळ आणि पंखा लागतो. लंगडणारा, उठताना कण्हणारा किंवा जिना चढताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकदम टाकणारा कुत्रा असेल, तर पाट आणि दांडे सध्या बाजूलाच ठेवावेत. आधी पशुवैद्यकांकडून तपासणी आणि ते सांगतील तर एक्स-रे.