मीटर किती झालं जी?

हवामान खात्याच्या अंदाजावर माझा विश्वास आहे, केस उगवण्याच्या तेलाच्या जाहिरातीवरही थोडाफार आहे. जुन्या मोटारीच्या मीटरवर मात्र तिळमात्र नाही. आमच्या सडक अर्जुनीत नेमका उलटा प्रकार. हवामान खात्याला हसणारा माणूस सेकंडहँड गाडी बघायला गेला की पहिला प्रश्न टाकतो, "मीटर किती झालं जी?" मालक सांगतो, "बेचाळीस हजार फक्त." झालं! याचे डोळे कीर्तनात रंगल्यासारखे मिटतात. इंजिनाचं काय, हे विचारायला मग तो शुद्धीवर नसतो.

असे सौदे मी बरेच पाहिले. आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुन्या दोन. एक अर्जुनी मोरगाव, दुसरी आमची. आमच्या वाट्याला सडक आली आणि ती नावालाच चिकटली. पूर्वी हिचा नंबर ६ होता, आता ५३ आहे. या सडकेने नागपूरकडून आणि रायपूरकडून, दोन्ही अंगांनी, पहिल्या मालकाला नकोशा झालेल्या मोटारी आमच्याकडे येतात. धान विकून हातात चार पैसे आले की त्यांना गिऱ्हाइकंही मिळतात. मला इंजिनातलं कळतं अशी गावात एक समजूत आहे, म्हणून गाडी बघायला मला नेतात. नेतात, चहा पाजतात, आणि मी सांगतो ते सोडून बाकी सगळं करतात.

हाच माणूस बैलबाजारात पाहा. बैलाच्या जबड्यात हात घालून दात बघतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, ते स्वतःच्या बोटांनी ठरवतो. खांदा चाचपतो, चार पावलं चालवतो, जमलं तर जुंपूनही बघतो. "या बैलाने आजवर किती एकर नांगरलं?" असं विकणाऱ्याला विचारणारा मला अजून भेटायचा आहे. विचारलं तरी तो काय खरं सांगणार! मग बैलाच्या बाबतीत इतका शहाणा असलेला माणूस मोटारीपुढे उभा राहिला की दात न बघता वय का विचारतो? आणि तेही विकणाऱ्यालाच?

मीटर मोजतं ते चाकांचे फेरे. इंजिनाशी त्याचं भाऊबंदकीइतकंच नातं. जुन्या गाड्यांच्या मीटरला आकडेच पाच असत; ९९,९९९ झाले की गाडीला पुनर्जन्म. ते फिरवायला तरी मेकॅनिकला नखं काळी करावी लागत. आता काट्यांच्या जागी पडदा आला, आणि हेच पाप लॅपटॉप जोडून चहा निवायच्या आत उरकतं. अमेरिकेने १९७२ साली कायदा करून मीटर मागे घेणं बेकायदा ठरवलं. म्हणजे या विद्येत आपण कुणाच्या मागे आहोत, असा न्यूनगंड बाळगायचं कारण नाही.

बरं, मीटर अगदी खरं आहे असं धरून चाला. तरी काय कळलं? इंजिन जास्त झिजतं ते थंड असताना. रात्रभर उभ्या गाडीचं तेल तळाशी उतरलेलं असतं. ते पुन्हा वर चढेपर्यंत धातू धातूवर जवळजवळ कोरडाच घासतो. थंड इंजिनात जादा पेट्रोल जातं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. इंजिन पुरतं तापायच्या आत गाडी थांबली, तर जळणातून झालेलं पाणी आतच राहून तेल नासवतं. म्हणून "डॉक्टरांची गाडी आहे हो!" असं कुणी छाती फुगवून सांगितलं की मी सावध होतो. डॉक्टर घरून दवाखान्यात जातात, जेवायला घरी येतात, पुन्हा दवाखान्यात जातात. दिवसाचे किलोमीटर चार, आणि प्रत्येक वेळी इंजिन गार. याउलट अर्जुनीहून दर आठवड्याला नागपूर गाठणारी गाडी शंभराहून जास्त किलोमीटर तापल्या इंजिनाने, एका चालीने जाते. मीटर तिचं भरतं, इंजिन डॉक्टरांचं झिजतं. आणि धूळ? मुरमाच्या रस्त्यावर नि राइस मिलच्या कोंड्यात फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर फाटका असेल, तर पिस्टनच्या रिंगांना आतून पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. मीटरला धुळीचा ठसका लागत नाही.

माझं खरं भांडण इथे आहे. एखादे मास्तर वेळच्या वेळी तेल बदलतात, फिल्टर बदलतात, गाडी पोटच्या पोरासारखी वापरतात. विकायला काढतात तेव्हा मीटरवर असतात एक लाख वीस हजार. गिऱ्हाईक आकडा बघूनच पाठ फिरवतं आणि शेजारच्या चौकातली बेचाळीस हजारांची भंगार गाडी जास्त पैसे मोजून नेतं. पुढच्या वेळी मास्तरांनी काय करावं, सांगा? खोटं बोलायची शिकवणी आपण गिऱ्हाइकंच लावतो आणि मग लबाड जगाच्या नावाने बोटं मोडतो.

गाडीला दात असतात. बघायची तयारी हवी. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर "सहज फिरवून आणली" यावर हसा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे या. रोगी इंजिन तापल्यावर सभ्य वागतं. त्याचं खरं रूप पहिल्या स्टार्टला दिसतं. तेव्हा एकाने सायलेन्सरमागे उभं राहावं. पांढरी वाफ निघून विरली तर घाबरू नका, गोंदियाच्या थंडीत आपल्याही तोंडातून निघते. वाफ थांबतच नसेल तर पाणी आत जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त. निळा म्हणजे तेल जळतंय: सुरू करताना किंवा उतारावरून आल्यावर भपका आला तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर, चढावर सतत निघाला तर रिंगांवर. मग चालू इंजिनावर तेल भरायचं झाकण सैल करा. आतून भकाभका धूर वर येत असेल तर आमचे मेकॅनिक ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते हेच. दांडी काढून तेल बोटांत चोळा. काकवीसारखं घट्ट असेल तर आवाज नि धूर दाबायला मुद्दाम तसलं ओतलेलं असू शकतं. धुऊनपुसून आरशासारखं केलेलं इंजिन दिसलं की मला तरी पुसलेल्या डागांचीच आठवण होते.

यावरही समाधान नसेल, आणि नसावंच, तर मोठ्या गॅरेजात कॉम्प्रेशन गेज असतं. प्लग काढायचे, गेज लावायचं, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. एखाद्या सिलिंडरचं प्रेशर बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांनी खाली असलं तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचं. वाढलं तर रिंगा गेल्या. नाही वाढलं तर व्हॉल्व्हकडे बघा. डिझेलला गेज वेगळं लागतं. अर्ध्यापाऊण तासाचं काम! सरकार गाडी नावावर करताना २९ नंबरचा फॉर्म मागतं, ३० नंबरचा मागतं, विमा मागतं, पीयूसी मागतं. ज्यासाठी पैसे मोजले त्या इंजिनाबद्दल चकार शब्द नाही. पीयूसीत धूर तपासतात खरा, पण इंजिन नीट तापवून नेलं तर झिजलेली गाडीही त्यातून सुटू शकते. या कागदांना प्रेशरची एक चिठ्ठी टाचायला कुणाच्या बापाचं काय जातं?

गेल्या हंगामात आमच्या शेजाऱ्याने धानाच्या पैशात गाडी घ्यायची ठरवली. मी हट्टाने त्याला सकाळी सहाला नेलं. मालक डोळे चोळत बाहेर आला, "एवढ्या सकाळी कोन गाडी पायते जी?" स्टार्टर मारल्याबरोबर अंगण निळं झालं. मी शेजाऱ्याकडे पाहिलं. तो मीटरकडे पाहत होता. "धूर तं निघतेच जी," तो म्हणाला, "पन छत्तीस हजारच चाललेली हाये." घेतली. होळीपर्यंत दर आठवड्याला लिटरभर तेल पीत होती. मग इंजिन खोललं, आणि रिंग-पिस्टनमध्ये पुढच्या हंगामाचं खत गेलं. तरी धूर आहेच.

आता त्याने गाडी विकायला काढली आहे. काल संध्याकाळी मुद्दाम घरी येऊन सांगून गेला, "गिऱ्हाईक आल्यावर तुमी तिकडं नका येऊ जी." आज पहाटेपासून त्याच्या अंगणात इंजिन तापवणं चालू आहे.