क्रीडांगण कोणासाठीं?

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जुनें क्रिकेटचें क्रीडांगण सोडून 2008 पासून मोठे सामने जामठ्यास होऊं लागले, हें योग्यच झालें, असें म्हणणारे आमच्या वर्धा जिल्ह्यांतहि थोडे नाहींत. त्यांचा आवडता युक्तिवाद नकाशाचा आहे. जामठा वर्धा रस्त्यावर. म्हणजे क्रीडांगण वर्धेकरांच्या जवळच आलें, मग तक्रार कसली? ज्यांच्या दारांत मोटार उभी आहे त्यांना हा युक्तिवाद तत्काळ पटतो.

आम्ही जुन्या क्रीडांगणावर जात असूं तें आगगाडीनें. त्याच डब्यांत पुलगांवचा गिरणीकामगार, सिंदीचा शेतकरी, कचेरींतून रजा काढलेला कारकून व आमच्यासारखे विद्यार्थी असत. नागपूर स्थानकावर उतरावें आणि फडक्यांतली शिदोरी सांभाळीत पायीं क्रीडांगण गांठावें. तिकिटाखेरीज दुसरा खर्च नसे. 31 ऑक्टोबर 1987 रोजीं आम्ही असेच गेलों होतों. चेतन शर्मानें रुदरफोर्ड, स्मिथ व चॅटफील्ड यांचे त्रिफळे लागोपाठ तीन चेंडूंवर उडविले. विश्वचषकांतील ती पहिलीच हॅट्ट्रिक. पुढें अंगांत ताप असतांना गावस्करांनीं 88 चेंडूंत नाबाद 103 धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यांतलें त्यांचें तें एकमेव शतक! आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ धावफलकच चुकला आहे असें अखेरपर्यंत म्हणत होते.

‘परंतु 1995 सालची भिंत विसरलांत काय?’ असें आम्हांस विचारण्यांत येतें. विसरलों नाहीं. त्या नोव्हेंबरांत न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याच्या वेळीं भिंत कोसळली, आणि खेळ पाहावयास आलेलीं कित्येक माणसें घरीं परतलीं नाहींत. पण कच्ची भिंत पक्की बांधावी, कीं क्रीडांगणच गांवाबाहेर न्यावें? शाळेचें छप्पर पडलें म्हणून कोणी शाळा रानांत नेत नाहीं.

जामठ्याची वास्तू भव्य आहे, सुमारें 45,000 प्रेक्षक तींत मावतात, हें खरें. वीस षटकांच्या सामन्यांना ती भरतेहि. पण 2008 सालीं गांगुलींच्या अखेरच्या कसोटीला, ऑस्ट्रेलियाविरुद्धची मालिका ठरविणाऱ्या सामन्याला, तेथील पुष्कळ बाकें रिकामीं होतीं. पांच दिवस रोज भाड्याच्या वाहनानें जाणें-येणें कोणत्या विद्यार्थ्यास परवडावें?

आमची खरी तक्रार याहून निराळी आहे. विदर्भानें रणजी करंडक प्रथम जिंकला तो 1 जानेवारी 2018 रोजीं, इंदूरला. तेथें आपला इलाज नव्हता. पण 2019 चा सौराष्ट्राविरुद्धचा व 2025 चा केरळविरुद्धचा, हे दोन्ही अंतिम सामने घरचे असूनहि जामठ्यास झाले. आपल्याच मुलांनीं करंडक उचलावा आणि आपल्याच मुलांनीं तो दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत पाहावा, हा काय प्रकार आहे? प्रवेश विनामूल्य ठेवला तरी वाहनाचें भाडें कोणी माफ करीत नाहीं. जुन्या क्रीडांगणावर विदर्भाचे रणजी सामने अलीकडेहि झाले आहेत. तेव्हां तें निकामी झालें अशी सबब चालणार नाहीं. विदर्भ क्रिकेट असोसिएशननें घरचा पुढचा अंतिम सामना तेथें खेळवावा. वर्ध्याची सकाळची गाडी त्या दिवशीं भरते कीं नाहीं, तें तेव्हां पाहूं.