शेवळं आणि वीस मिनिटे

दूरचित्रवाणीवरील पाकस्पर्धांत अनोळखी जिन्नस हे परीक्षेचे ठरलेले साधन झाले आहे. झाकण उघडते, आतल्या वस्तू दिसतात आणि घड्याळ सुरू होते. या प्रकाराला आजचे रूप दिले ते जपानच्या फुजी टीव्हीवर 1993 मध्ये सुरू झालेल्या ‘आयर्न शेफ’ने. त्यात दोन व्यावसायिक बल्लवांना ऐनवेळी जाहीर होणाऱ्या एका मुख्य जिन्नसाचे अनेक पदार्थ 60 मिनिटांत करावे लागत. अमेरिकेत ‘फूड नेटवर्क’वर 2009 मध्ये सुरू झालेल्या ‘चॉप्ड’ने ही अट आणखी आवळली. तिथे चार स्पर्धक आणि तीन फेऱ्या असतात. दर फेरीला बंद टोपली पुढ्यात येते, तिच्यातला प्रत्येक जिन्नस वापरावा लागतो आणि दर फेरीत एक जण बाद होतो. पहिल्या पदार्थाला वेळ मिळतो 20 मिनिटे, पुढच्या दोन पदार्थांना प्रत्येकी 30. भारतात ‘मास्टरशेफ इंडिया’ 2010 मध्ये आला आणि ‘मिस्ट्री बॉक्स’ हा शब्द घराघरांत पोहोचला. मात्र या मालिकेतले स्पर्धक घरी स्वयंपाक करणारे असतात. पहिल्या पर्वाच्या विजेत्या पंकज भदौरिया लखनौच्या शिक्षिका होत्या. हौशी स्पर्धक अडखळला तर प्रेक्षक हळहळतात. व्यावसायिक अडखळला तर हसतात.

या हसण्यामागे दोन मते आहेत. स्पर्धांचे समर्थक म्हणतात, पाठ केलेल्या कृती कोणीही करून दाखवील. अनोळखी वस्तू समोर आली की खरे कसब उघडे पडते. टीकाकार म्हणतात, नामांकित हॉटेलातला शेफ साध्या रानभाजीपुढे गडबडतो, तेव्हा त्याचा मोठेपणा उंच टोपीपुरताच असतो. दोन्ही मते परस्परविरोधी वाटली तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. जिन्नस पाहून, हुंगून आणि चाखून त्याचे काय करायचे हे जातिवंत बल्लवाला आपोआप कळले पाहिजे, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतकच चुकीचे आहे, आणि ते तपासायला भिवंडीच्या बाजारातली एक जुडी पुरेशी आहे.

मृग नक्षत्राच्या आगेमागे भिवंडी, वाडा, शहापूर या तालुक्यांतल्या रानात शेवळं उगवतात. शेवळ ही सुरणाच्या कुळातली वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस आहे. ती मुख्यतः पश्चिम घाट आणि त्याच्या परिसरात आढळते. पहिल्या पावसाबरोबर जमिनीतल्या कंदातून फुलाचा दांडा वर येतो आणि तोच भाजीसाठी खुडला जातो. आदिवासी बायका त्याच्या जुड्या बांधून भिवंडी, कल्याण, ठाणे, वसईच्या बाजारांत बसतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा असतो. जुडीशेजारी बहुधा लहान हिरव्या आंबट फळांचा वाटा मांडलेला असतो. ही काकडं, म्हणजे काकड वृक्षाची फळे. ज्याला ठाऊक नाही त्याला ती वेगळी खरेदी वाटेल. ज्याला ठाऊक आहे तो दोन्ही एकदमच घेतो.

कारण शेवळ खाजरे आहे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेत आणि घशात रुततात आणि तोंडाची आग होते. हे स्फटिक पाण्यात सहज विरघळत नाहीत, म्हणून एका उकळीने काम भागत नाही. वरचे आवरण काढायचे, आतला पिवळा रवाळ भाग टाकून द्यायचा, उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे, काकडं ठेचून त्यांचा रस किंवा चिंचेचा कोळ घालायचा आणि भाजी पुरेशी शिजू द्यायची, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून ठरला आहे. त्यापुढे घरागणिक फरक पडतो. कायस्थ प्रभूंच्या घरी शेवळांत कोळंबी किंवा खिमा पडतो, कुठे वालाचे बिरडे पडते. पण पिवळा भाग टाकणे आणि आंबट घालणे कोणी वगळत नाही.

आता हीच जुडी काकडांशिवाय एखाद्या बंद टोपलीत ठेवली आणि 20 मिनिटांचे घड्याळ लावले, असे समजू. ज्याने शेवळ कधी पाहिले नाही तो पाककलेतला सर्वांत विश्वासू उपाय योजील: कोपरा मोडून जिभेवर ठेवील. नेमका हाच उपाय इथे घातक ठरतो. रंग आणि आकार पाहून पिवळा भाग टाकायचा की खायचा हे ठरवता येत नाही. उलट तो भाग अधिक कोवळा आणि आकर्षक वाटण्याचीच शक्यता जास्त. वास घेऊनही स्फटिकांचा पत्ता लागत नाही. म्हणजे पाहणे, हुंगणे आणि चाखणे ही तिन्ही साधने निकामी होतात, आणि ती वापरणाऱ्याच्या कसबात काही उणे आहे म्हणून नव्हे. हवी ती माहिती जुडीत नसते, जुडी विकणारीपाशी असते.

मूलभूत तंत्रे येत असली की कोणताही जिन्नस हाताळता येतो, हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद इथे लंगडा पडतो. तंत्रे खरोखरच सर्वत्र उपयोगी पडतात. परतणे, वाफवणे, आंबवणे, आंबटगोडाचा तोल साधणे हे कौशल्य एका स्वयंपाकघरातून दुसऱ्यात नेता येते. पण तंत्राने कसे शिजवायचे ते कळते. काय टाकून द्यायचे आणि किती वेळ थांबायचे हे जिन्नसागणिक शिकावे लागते. कडव्या वालाचे बिरडे करायचे तर दाणे रात्रभर भिजवून, मोड आणून, एकेक सोलावे लागतात. अर्ध्या तासाच्या फेरीत ते कोणाच्याच हातून व्हायचे नाही. कच्च्या राजम्यात असे प्रथिन असते की दाणे भिजवून दहाएक मिनिटे खळखळून उकळले नाहीत तर पोट बिघडते. वरवर पाहता दोन्ही कडधान्येच, पण एकाचा नियम दुसऱ्याला लागू नाही. ‘आयर्न शेफ’ ज्या देशात जन्मला त्या जपाननेही फुगू माशाच्या बाबतीत अंदाजाला जागा ठेवलेली नाही. त्याची विषारी इंद्रिये काढण्यासाठी बल्लवाला वेगळे प्रशिक्षण आणि परवाना लागतो. तिथे ख्यातनाम बल्लवालाही आधी शिकावे लागते.

अनोळखी जिन्नसामुळे स्थानिक वाणांची ओळख होते, असाही एक दावा केला जातो. ओळख होते हे खरे, पण कोणती? पडद्यावर रानभाजी बहुधा आवळून बांधलेल्या कोड्यासारखी येते. स्पर्धक ती परदेशी सॉसखाली लपवतो, परीक्षक तिच्या ‘रानटी’ चवीचे कौतुक करतात, आणि ती कोणत्या रानातली, कोणत्या महिन्यातली, कोणत्या घरातली हे सांगायला वेळ उरत नाही. याउलट राज्याच्या कृषी विभागातर्फे पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांत भरणाऱ्या रानभाजी महोत्सवांत टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोली, फोडशी यांच्या ढिगामागे ती खुडणारी बाई उभी असते आणि करण्याची रीत तिच्याच तोंडून ऐकायला मिळते. वाणाची ओळख अशी होते.

टीकाकारांचे म्हणणेही तितकेच तकलादू आहे. व्यावसायिक बल्लवाचे शिक्षण ठरावीक जिन्नसांवर आणि ठरावीक परंपरांवर झालेले असते. दादरच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेसारख्या 1954 पासूनच्या संस्थांत फ्रेंच पायावरचा अभ्यासक्रम रुजला. त्यात शेवळाला जागा नव्हती. पुढे बल्लवाच्या हातात येणारा माल बहुतेक नोंदलेला असतो. भिवंडीच्या गोदामांतून निघणाऱ्या बंद डब्यावर घटक, उत्पादक आणि मुदत छापणे कायद्याने बंधनकारक आहे. जुडीवर असा कागद नसतो. तेव्हा शेवळापुढे शेफ अडला यात ढोंग उघडे पडत नाही. दोन वेगळ्या ज्ञानपरंपरा आजवर एकमेकींना भेटल्या नव्हत्या एवढेच दिसते. अडण्याची पाळी दोन्ही बाजूंवर येते. भिवंडीत यंत्रमागांमुळे वसलेल्या तेलुगू घरांत अंबाडीची पचडी रोजची आहे आणि मराठी घरांत त्याच अंबाडीला लसणीची खमंग फोडणी पडते. एकीच्या हातचे दुसरीला नवे वाटले तर कोणी तिला अडाणी म्हणत नाही.

मग या स्पर्धा मोजतात तरी काय? त्या हजरजबाबीपणा मोजतात, आणि तो गुण खोटा नाही. भरगच्च रात्री मासळी संपली, भाजीचा टेम्पो आला नाही, पाहुण्याला शेंगदाणे चालत नाहीत, अशा वेळी मुदपाकखान्यात हाच गुण कामी येतो. अडचणीत न गोंधळता पर्याय काढणारा माणूस प्रत्येक हॉटेलाला हवा असतो. फक्त या गुणाला पाककौशल्याचा शेवटचा निकष म्हणू नये.

स्पर्धेत खरे बळ कुठून येते याचे उत्तम उदाहरण फ्लॉइड कार्डोझ यांचे आहे. मुंबईत 1960 मध्ये गोव्याच्या वळणाच्या कुटुंबात जन्मलेले कार्डोझ पुढे न्यूयॉर्कच्या ‘तबला’ या रेस्तराँमुळे गाजले. व्यावसायिक शेफसाठी असलेल्या ‘टॉप शेफ मास्टर्स’ या स्पर्धेचे तिसरे पर्व त्यांनी 2011 मध्ये जिंकले. त्यांच्या अखेरच्या जेवणात रानटी अळंबी घातलेला, पोलेंटासारखा मऊ शिजवलेला उपमा होता, सोबत नारळाचे दूध आणि कोकम. रवा, नारळ आणि आमसूल यांत त्यांना अनोळखी असे काहीच नव्हते. अनोळखी होते ते परीक्षकांना. लहानपणापासून ओळखीचा जिन्नस आणि कष्टाने कमावलेले तंत्र एकत्र आले आणि स्पर्धा जिंकली गेली. पुढे 2015 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘द बॉम्बे कँटीन’मध्येही त्यांनी भारतीय हंगामी वाणांचाच आग्रह धरला.

यावरून न्याय्य परीक्षेचे स्वरूप ठरवता येते. अनोळखी जिन्नस जरूर द्यावा, पण तो जाणणारी व्यक्तीही समोर असावी आणि स्पर्धकाला तिला प्रश्न विचारता यावेत. कोणता भाग टाकायचा, कशाबरोबर शिजवायचे, किती वेळ लागतो, हे तो नेमके विचारतो की नाही, हेही गुणांकनात धरावे. घड्याळ जिन्नसाच्या गरजेने लावावे. ज्याला भिजवावे किंवा मोड आणावे लागतात तो आदल्या दिवशी हाती द्यावा. परीक्षकांत तो जिन्नस रोज खाणारा एक तरी असावा. नाहीतर चव बरोबर लागली की नुसती नवी वाटली हे ठरवणार कोण?

यावर हमखास आक्षेप येतो की असे केले तर चुरस जाईल आणि कार्यक्रम कोणी पाहणार नाही. मराठी प्रेक्षकांचा अनुभव वेगळा आहे. झी मराठीवरचा ‘आम्ही सारे खवय्ये’ अनेक वर्षे चालला. त्यात बंद टोपली नव्हती, बाद होणे नव्हते. आपल्या घरची रीत सांगणाऱ्या पाहुण्या आणि ती कुतूहलाने विचारणारे प्रशांत दामले यांच्यासारखे सूत्रसंचालक, एवढ्यावर तो रंगला. नामांकित शेफ शेवळं विकणारीसमोर बसून शिकतो आहे, आणि त्याने केलेली भाजी ती पहिल्यांदा चाखते आहे, हा प्रसंगही टोपली उघडण्याइतकाच उत्कंठेचा होईल. तिच्या घशाला खाज आली तर निकाल लगेच लागेल.

अनोळखी जिन्नसापुढे बल्लवाची पारख व्हावी, यात गैर काही नाही. पण जे ठाऊक नाही ते कोणाला आणि काय विचारायचे, हे कळणे पाककौशल्याचाच भाग आहे. विचारायला मनाई करणारी परीक्षा तोच भाग वगळते, म्हणून तिच्या निकालावरून बल्लवाचा मोठेपणा किंवा खुजेपणा ठरवता येत नाही.