पिक्चर बघणं आणि बघायला येणं

सबमिशन संपतं आणि पीएल सुरू होते, त्या मधल्या चार-पाच दिवसांत होस्टेलवर अभ्यास सोडून बाकी सगळं चालतं. यंदा आम्ही मुलींनी ठरवून पिक्चर बघितले. लॅपटॉप एकीचा, स्पीकर दुसरीचा आणि खायला घरून आलेली कडक भाकरी नि शेंगाचटणी. नियम एकच, एक जुना तर एक नवा. जुन्याला नाक मुरडायचं नाही आणि नव्याला पुढे पळवायचं नाही. सहा पिक्चर झाल्यावर यादीकडे पाहिलं तर एक गंमत दिसली. जवळजवळ प्रत्येकात एक मुलगी किंवा बाई आहे, आणि तिचं काय करायचं ते बाकीचे ठरवताहेत. यादी करताना असं काही डोक्यात नव्हतं, शपथ!

मी कुणी समीक्षक वगैरे नाही. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क कापायचे असतील तर आत्ताच कापून घ्या. पण मतं भरपूर आहेत. टर्म वर्कसारखे पंचवीसपैकी मार्क देते. ज्यांना व्हायवा घ्यायचीय त्यांनी मेसमध्ये गाठावं.

सुरुवात 'कुंकू'पासून. साल १९३७, प्रभातचा पिक्चर, दिग्दर्शक व्ही. शांताराम. हिंदीत हाच 'दुनिया न माने'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केलेला. नीरा नावाच्या अनाथ मुलीचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतात. नीरा रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ती घरात राहून सगळ्यांच्या तोंडावर सांगते. मला वाटलं होतं की ब्लॅक अँड व्हाइट म्हणजे अर्ध्या तासात झोप. पण शांता आपटेंनी झोपू दिलं नाही. त्यात पार्श्वसंगीत नाही, फक्त खरे आवाज. त्या घरातलं भिंतीवरचं जुनं घड्याळसुद्धा एक पात्र वाटायला लागतं. आणि मध्येच ही बाई चक्क इंग्रजीत गाते, लाँगफेलोची कविता! कॉन्व्हेंटवाल्यांची एवढी सोय १९३७ साली केली असेल असं वाटलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या समाजसेविका मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. खऱ्या आयुष्यात त्या केंब्रिजला शिकलेल्या आणि नंतर संततिनियमनाच्या कामासाठी ओळखल्या गेलेल्या. तक्रार फक्त शेवटाबद्दल. नवऱ्याला उपरती होते, तो जीव देतो आणि नीरा मोकळी होते. दोन तास ती एकटी लढली आणि सुटका मात्र त्याने केली, हे काही पटलं नाही. २२ मार्क.

दुसरा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', १९४६, हाही शांतारामांचाच. कोटणीसांचं काम त्यांनी स्वतः केलंय. सोलापुरात राहून हा बघितला नाही तर पाप लागेल, असं आमच्यातल्या एका पक्क्या सोलापूरकरणीचं म्हणणं. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, जन्म १९१०. जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ साली भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यातले हे एक. बाकीचे परतले. कोटणीस तिथेच राहिले, तिथेच १९४१ साली कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी गेले. पिक्चरमध्ये चिनी बायकोचं काम जयश्रीबाईंनी केलंय. ती चिनी काही केल्या वाटत नाही, पण माणूस म्हणून पटते. मला मात्र वेगळाच विचार छळत राहिला. कोटणीस घरी येऊन सांगतात, मी जातोय. घरच्यांना वाईट वाटतं, पण ते जातात. तिशीसुद्धा न गाठलेला मुलगा युद्ध चालू असलेल्या देशात जातो आणि गावाला अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. आमच्यातली एक म्हणाली, "मला पुण्याला इंटर्नशिपला जायचं होतं तर तीन मामा आणि एक आत्या यांची मीटिंग बसली होती." १९ मार्क. कापलेले मार्क मेकअपचे, डॉक्टरांचे नाहीत.

'उंबरठा' १९८२ चा. डॉ. जब्बार पटेल म्हणजे जन्माने पंढरपूरचे, पुन्हा आपल्याच जिल्ह्यातले. स्मिता पाटील यात महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरीला जाते. खाऊनपिऊन सुखी घर आहे, सासरचे छळ करत नाहीत, नवरा मारत नाही. मग जायचं कशाला, हाच सगळ्यांचा प्रश्न. कामासाठी, एवढंच तिचं उत्तर, आणि ते कुणालाच पुरत नाही. ती परत येते तेव्हा नवऱ्याने आपली दुसरी सोय केलेली असते. पिक्चर संपल्यावर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. खलनायक नसलेला पिक्चर जास्त त्रास देतो, असं माझं मत झालंय. २४.

आता नवे. 'सैराट' (२०१६) बहुतेकींनी तिसऱ्यांदा बघितला. करमाळ्याच्या नागराज मंजुळेंचा पिक्चर आणि अकलूजची रिंकू राजगुरू, म्हणजे घरचंच कार्य. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि मराठीत कळत नसेल तर इंग्लिशमध्ये सांगू का म्हणून पोरांना झापते. हा डायलॉग आमच्या कॉलेजात रोज किमान चार मुलं मारतात, बहुधा लॅबमध्ये. पण पिक्चर खरा सुरू होतो तो हैदराबादला. गावात सगळं स्वतः ठरवणारी आर्ची तिथे भाषा येत नाही म्हणून बावरते, घरची आठवण काढून रडते, मग नोकरी करते, हळूहळू उभी राहते. आणि शेवटची ती काही मिनिटं, आवाजच नाही. हिंदीवाल्यांनी २०१८ साली 'धडक' काढला, त्यात आपली मातीही नाही आणि आपली बोलीही नाही. 'सैराट'ला २४.

'बाईपण भारी देवा' (२०२३) आमच्यातल्या सगळ्यांच्या आयांनी थिएटरात ग्रुपने बघितलेला, काहींनी नऊवारी आणि गॉगल घालून. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. माझ्या मते यात प्रश्न फार पटापट सुटतात, वेल्डिंगच्या जॉबसारखे वरून चकाचक. पण आई रडली होती, आणि ती सहसा रडत नाही. तेव्हा आईच्या नावाने दोन वाढवून २०.

आणि सगळ्यात शेवटी 'स्थळ'. जयंत दिगंबर सोमलकर यांचा, मार्च २०२५ मध्ये थिएटरला आला. मोठा हिरो नाही, चकाचक गाणी नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, तिथलीच बोली, आणि कामं करणारी माणसंही बहुतेक तिथलीच. सविता कॉलेजात समाजशास्त्र शिकते, तिला स्पर्धा परीक्षा द्यायचीय. पण तिला बघायला पाहुणे येत राहतात. तेच पोहे, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. मग रंग सावळा म्हणून नकार. पुन्हा पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. सुरुवातीला सविताला स्वप्न पडतं त्यात बायका ऐटीत बसून एका मुलाला हेच प्रश्न विचारताहेत. आम्ही पोट धरून हसलो. पुढे पिक्चरमध्ये तोच प्रसंग उलटा, म्हणजे नेहमीसारखा, येत राहिला तसं हसू कमी कमी होत गेलं. तिचा बाप दुष्ट नाही हे विशेष. कापसाला भाव नाही, मुलीला स्थळ नाही, तोही पिचलेला. पंचवीसपैकी पंचवीस. एक्स्टर्नल असते तरी दिले असते.

हा लेख लिहायला घेतला तो या पिक्चरमुळे. कारण माझ्या रूममेटला घरून फोन आलाय, "रविवारी ये, पाहुणे येणारेत." सोमवारी तिची कंपनीची ॲप्टिट्यूड टेस्ट आहे. हे तिने घरी सांगितलं तर उत्तर आलं की टेस्ट काय, पुन्हा होईल, असं स्थळ पुन्हा येत नाही. आमच्या मजल्यावर अशा तिघी आहेत. त्यांच्या मागे टॉपर म्हणून टाळ्या वाजवलेल्या आहेत, ते वेगळंच.

गैरसमज नको. घरच्यांनी बघून ठरवलेलं लग्न वाईट, असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझ्या आईबाबांचं तसंच झालं आणि बरं चाललंय. पळून जा, असंही कुणाला सांगत नाही, 'सैराट' शेवटपर्यंत बघितलाय मी. माझं भांडण फक्त क्रमाशी आहे. आधी तारीख ठरते, मग पाहुणे ठरतात, मग साडी ठरते आणि सगळ्यात शेवटी मुलीला कळवतात. तिला आधी विचारलं तर काय बिघडतं? "तुला आत्ता करायचंय का?" हे चार शब्द. 'कुंकू' येऊन ८८ वर्षांनी 'स्थळ' आला, म्हणजे एवढ्या वर्षांत आपल्याला हे चार शब्द पाठ झालेले नाहीत. इंजिनिअरिंगचे फॉर्म्युले चार रात्रींत पाठ करतो की आपण!

आमच्या मुलांनाही एक सांगायचंय. आर्चीच्या डायलॉगला शिट्ट्या मारता, छान वाटतं. पण दोन-चार वर्षांत तुम्हीच कुणाच्या तरी घरी सोफ्यावर बसणार आहात. तिथे मामा उंची विचारेल, काका स्वयंपाक विचारेल आणि तुम्ही बशीतल्या पोह्यांकडे बघत बसाल. तेव्हा तेवढं डोकं वर करून तिला विचारा, की बाई, तुझी काही परीक्षा वगैरे चालू आहे का? नंतर येऊ का?

आणि सर, मॅडम, तुम्हालाही एक विनंती. मुलगी "घरगुती कारण" लिहून रजा मागते तेव्हा तिची टेस्ट कधी आहे ते एकदा विचारा, आणि जमलं तर घरी एक फोन करा. आमचे वडील आमचं ऐकोत न ऐकोत, कॉलेजमधून सरांचा फोन आला तर खुर्चीतून उठून बोलतात. रूममेटच्या घरी असा फोन अजून कुणी केलेला नाही. रविवारला पाच दिवस आहेत.