संमती कोणाची?

भारतीय दंडविधानाचे ४९७ वे कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी घटनाबाह्य ठरविले, तेव्हा व्यभिचाराला आता मोकळे रान मिळाले अशी ओरड पुष्कळांनी केली. ओरडणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ते कलम वाचले असावे. परस्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या या कलमात एक अट होती. तो संबंध त्या स्त्रीच्या पतीच्या संमतीवाचून अथवा मूकसंमतीवाचून घडलेला असला पाहिजे. पतीची संमती असेल तर गुन्हाच नाही. पत्नी शिक्षेस पात्र नव्हती. पण पतीने बाहेर संबंध ठेवला तर या कलमाखाली त्याच्यावर फिर्याद करण्याचा अधिकारही तिला नव्हता. १८६० सालच्या या कायद्याच्या लेखी ती आरोपी नव्हती आणि फिर्यादीही नव्हती. जिच्यावर अतिक्रमण झाले अशी ती पतीची मालमत्ता होती.

विश्वासघात आणि परस्परसंमतीने स्वीकारलेले बहुसंबंध यांतील फरकाची चर्चा आता शहरी तरुणांत उघडपणे होऊ लागली आहे, म्हणून हा इतिहास आठवावा लागतो. फरक संमतीचा, असे उत्तर दिले जाते. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. संमती ४९७ मध्येही होतीच!

प्रतारणेचा संबंध माणसांच्या संख्येशी नाही. दिलेला शब्द मोडून ते दडविण्याशी आहे. ज्या जोडप्याने मोकळीक मान्य केली आहे, त्यांच्यापैकी एकाने ठरल्यापलीकडचा संबंध लपविला तर तीही प्रतारणाच. उलट, सर्व संबंधितांना ठाऊक असलेला आणि सर्वांनी पत्करलेला संबंध कोणाला रुचो न रुचो, त्याला फसवणूक म्हणता येत नाही. चळवळीतही या बाबतीत घोटाळा होतो. एखाद्या जोडप्याने उघडपणे वेगळी वाट धरली की बैठकीबाहेर कुजबुज सुरू होते. आणि एखाद्या सहकाऱ्याने पत्नीला वर्षानुवर्षे फसविले तर ‘ती त्यांची खाजगी बाब’ म्हणून सगळे गप्प! लपविण्याने होणारी हानी केवळ मनाची नसते. एकनिष्ठ राहिलेल्या असंख्य विवाहित स्त्रियांना एचआयव्हीची लागण पतीकडूनच झाली. माहितीच नसल्यामुळे स्वतःच्या शरीराविषयी निर्णय घेण्याची संधीही त्यांना मिळाली नाही.

पण माहिती मिळाली म्हणजे संमती मिळाली, असेही नाही. मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने आणि पुढे देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदूंमधील द्विभार्या पद्धती बंद झाली. त्यानंतर काही दशकांनी गुजरातेत ‘मैत्रीकरार’ निघाला. विवाहित पुरुष आणि दुसरी स्त्री स्टॅम्पपेपरवर सह्या करून एकत्र राहू लागले. सारे उघड, सारे लेखी. त्या कागदावर दोन सह्या असत. ज्या तिसऱ्या व्यक्तीचा संसार त्यात गुंतलेला होता, तिची सही कोणी मागत नसे. आणि मागितली असती, तरी माहेरी थारा नाही, हाती मिळकत नाही, पदरी मुले, अशा स्त्रीच्या सहीचे मोल किती?

हिंदू विवाह कायद्याच्या २३ व्या कलमापुढेही हाच पेच उभा राहतो. जोडीदाराच्या व्यभिचारावरून घटस्फोट मागणाऱ्याने त्या कृत्याला साथ दिलेली, त्याकडे हेतुतः डोळेझाक केलेली वा त्याला क्षमा केलेली नसावी, असे ते सांगते. तत्त्व योग्य आहे. परंतु सारे कळूनही त्याच घरात स्वयंपाक करीत राहिलेल्या बाईच्या मौनाला क्षमा म्हणायचे की लाचारी?

याच्या दुसऱ्या टोकाला बर्ट्रांड रसेल व डोरा रसेल यांचा विवाह आहे. १९२१ साली विवाहबद्ध झालेल्या या दोघांनी परस्परांना मोकळीक दिली होती. पुढे डोराला दुसऱ्या पुरुषापासून दोन मुले झाली, हे जगाला ठाऊक होते. तरीही तो संसार टिकला नाही आणि १९३५ साली घटस्फोट झाला. यावरून असे प्रयोग फसतातच, असा निष्कर्ष काढणारे आजीवन एकनिष्ठेच्या शपथा घेऊन मोडलेले संसार मोजत नाहीत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. १९२७ साली दोघांनी मिळून काढलेली शाळा विभक्त झाल्यावर डोराने १९४३ पर्यंत एकटीने चालविली. तिच्याजवळ स्वतःचे काम होते, नाव होते. ‘हो’ म्हणताना ‘नाही’ म्हणण्याची सोय तिला होती. आपल्याकडे मोकळीक मागणाऱ्या किती पतींच्या घरी ही सोय आहे?

संसदेच्या स्थायी समितीने २०२३ साली व्यभिचाराचा गुन्हा स्त्री-पुरुष दोघांना सारखा लागू करून परत आणावा, अशी शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तो गुन्हा नाही, हे ठीकच झाले. पतीला तुरुंगात धाडून पत्नीची चूल पेटत नाही. त्यापेक्षा गोव्याकडे पाहावे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक असते आणि विभक्त होताना तिचे निम्मे-निम्मे वाटे होतात. सीमा ओलांडून सावंतवाडीत आले की, पतीच्या नावावरील घरात पत्नीचा असा वाटा राहत नाही. उरतो तो निवाऱ्यासाठी आणि पोटगीसाठी अर्ज.