सेवाग्रामच्या ज्वारीचा धडा

अनुदानासाठी अर्ज करताना स्वयंसेवी संस्था एका प्रश्नापाशी हमखास अडखळतात : मुदत संपल्यावर काम कसे चालणार? 'स्थानिक साधने उभारली जातील' असे गुळगुळीत वाक्य लिहून बहुतेक संस्था मोकळ्या होतात. पुढे पैसा थांबतो, कार्यकर्ते पांगतात आणि गाव होते तेथेच राहते.

सेवाग्रामने या प्रश्नाचे उत्तर खळ्यावर शोधले. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने तेथे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. त्याच्या आवर्ती खर्चाचा ५० टक्के भार केंद्राने, २५ टक्के राज्याने व २५ टक्के कस्तुरबा हेल्थ सोसायटीने उचलावा, अशी वाटणी ठरली. पुढे डॉ. उल्हास जाजू व सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत आरोग्यविमा रुजवला, तो ज्वारीच्या रूपाने. सुगीला प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. जमीनवाल्याने अधिक, भूमिहीनाने कमी. आजारपणात सेवा मात्र सर्वांना सारखी. बहुसंख्य कुटुंबे सामील झाल्यावाचून गावाला योजनेत प्रवेश नसे.

येथे एक भ्रम टाळला पाहिजे. ज्वारीवर इस्पितळ चालले नाही. तिने गावपातळीवरील आरोग्यसेवेला हातभार लावला; शस्त्रक्रियांचा व तज्ज्ञांचा मोठा खर्च सरकारी अनुदानानेच पेलला. मग ज्वारीचे मोल काय? तिने रुग्णाला याचक न ठेवता हक्कदार केले. ज्याने पायलीभर धान्य दिले, तो जाब विचारू शकतो. कायम निधीवर विसंबलेली सार्वजनिक संस्था लोकमताला जुमानीनाशी होते, हा गांधीजींनी आत्मकथेत नोंदवलेला अनुभव याच जातीचा आहे.

आज कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतील चालू प्रकल्पाची मुदत आरंभीचे वर्ष वगळून ३ वर्षांची आहे. परदेशी देणगीतून प्रशासनावर करावयाच्या खर्चाची मर्यादा २०२० च्या दुरुस्तीने ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. अशा पैशावर कायमचा संसार मांडता येत नाही. तो नव्या प्रयोगाच्या आरंभासाठी वापरावा. नित्याचा खर्च शासनाकडून हक्काने मागावा, कारण तो जनतेच्याच करांचा पैसा आहे. लोकवर्गणी घ्यावी ती लोकांची मालकी प्रस्थापित करण्यासाठी.

'स्वावलंबन' हा शब्द मात्र जपून वापरला पाहिजे. गरिबाची ज्वारी दाखवून शासनाने आपले अंग काढून घ्यावे, हे स्वावलंबन नव्हे. ती जबाबदारीची टाळाटाळ होय. म्हणून अर्जातील त्या प्रश्नाखाली दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या जाव्यात : लोक किती देतील, आणि शासनाने किती दिलेच पाहिजे. दुसरा आकडा मिळवण्यासाठी अर्ज पुरत नाही. तेथे संघटना लागते.