उबेची खरी किंमत

पौषातील थंडी आपल्याकडे चार-आठ दिवसांची पाहुणी असते; उत्तरेत मात्र ती मुक्कामालाच येते. व्यापारानिमित्त दिल्ली-जयपूरकडे स्थायिक झालेल्या आप्तांना आणि जानेवारीत हस्तिनापूर किंवा सम्मेदशिखरजीच्या यात्रेस निघणाऱ्या कुटुंबांना तिची चांगली ओळख आहे. अशा दिवसांत सिलिंडरवर चालणारा गॅस हीटर मोठा आधार वाटतो. वीज गेली तरी तो बंद पडत नाही आणि खोली लवकर तापते. आपण सारे हिशेबाची माणसे. म्हणून या उबेचाही जमाखर्च एकदा मांडून पाहणे योग्य ठरेल.

जमेची बाजू स्पष्ट आहे. एक किलो गॅस जळाला की साधारण बारा ते तेरा युनिट विजेइतकी उष्णता मिळते. खर्चाच्या बाजूला आपण केवळ सिलिंडरचा भाव लिहितो आणि तेथेच हिशेब चुकतो. तोच एक किलो गॅस नीट जळण्यासाठी सुमारे बारा घनमीटर हवा लागते. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली, तर तिच्यातील एकूण हवेच्या एक तृतीयांशाहून हा वाटा अधिक होतो. मोठा हीटर पूर्ण आचेवर एवढा गॅस तीन-साडेतीन तासांत जाळतो. दारे-खिडक्यांच्या फटींतून ही तूट काही अंशी भरून निघते. परंतु गारठ्याच्या भयाने आपण नेमक्या त्याच फटी कापडाने बुजवतो.

हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होऊ लागतो. गॅस गळू लागला तर आपल्याला वास येतो, कारण तो वास सिलिंडरमधील गॅसात मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वास नाही, रंग नाही आणि त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. निद्रिस्त माणसाला तर जाग येण्याचीही संधी मिळत नाही.

जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधील दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळहून पर्यटनास गेलेल्या आठ जणांचा असाच करुण अंत झाला. त्यांत चार मुले होती. कडाक्याच्या थंडीमुळे ते सारे एकाच खोलीत, दारे-खिडक्या लावून, गॅस हीटरच्या उबेत झोपले होते. सकाळी ते बेशुद्धावस्थेत आढळले. कोणाच्याही मनात निष्काळजीपणा नव्हता. मुलांना थंडी बाधू नये, एवढीच चिंता होती. ही घटना आठवली की मन विषण्ण होते, ते याचसाठी.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले आपले नातलग हिवाळाभर गॅसवरच घर उबदार ठेवतात, मग तेथे असे का घडत नाही, असा प्रश्न कोणी विचारील. तेथील घरांत बहुधा गॅस बॉयलर असतो. त्याचा धूर नळीवाटे घराबाहेर जातो आणि खोल्यांत फिरते ते केवळ गरम पाणी. तरीही 1 ऑक्टोबर 2022 पासून तेथे भाड्याच्या घरात असा बॉयलर ज्या खोलीत असेल, तेथे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म बसवणे घरमालकास बंधनकारक आहे. आपल्याकडील चाकांच्या हीटरला धुराडे नसते. त्याचे सारे उत्सर्जन खोलीतच राहते.

म्हणून काही नियम घरातील प्रत्येकाने पाळावेत. हीटर चालू असेपर्यंत खिडकी काही बोटे उघडी असावी. त्या वाटेने जाणारी ऊब हा तोटा न मानता उबेच्या किमतीचाच भाग समजावा. निजण्यापूर्वी हीटर बंद करून सिलिंडरची चावी फिरवावी आणि रात्र रजई-गोधडीवर काढावी. हवेतील प्राणवायू घटताच आपोआप बंद होणारा हीटरच घ्यावा. मात्र तेवढ्यावर विसंबून निजू नये. कोळशाची शेगडी हा सुरक्षित पर्याय नव्हे. तिच्यातूनही हाच वायू निघतो. आपल्या घरातील गॅस गीझरही बंद न्हाणीघरात नसावा.

एकाच खोलीतील अनेकांचे डोके एकदम दुखू लागले, चक्कर किंवा मळमळ होऊ लागली, तर प्रवासाचा शीण समजून स्वस्थ पडू नये. सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत न्यावे, शक्य असल्यास जाता जाता हीटर बंद करावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर येथे फसवा ठरतो. विषबाधा झालेल्या रक्तातही तो आकडा उत्तम दाखवू शकतो.

यात्रेच्या तयारीत स्वेटर, शाली आणि औषधे आपण आठवणीने घेतोच. मुक्कामाच्या ठिकाणी खोली ताब्यात घेताना हीटर कोणत्या प्रकारचा आहे आणि खिडकी उघडते की नाही, एवढे दोन प्रश्न घरातील कर्त्या माणसाने अवश्य विचारावेत.